दासरी सरांची तार

माणसानं बरोबर असावं, पण दासरी सरांइतकं बरोबर असू नये. त्याचा कुणालाच उपयोग होत नाही, आणि त्या माणसाला तर मुळीच होत नाही. हे मी चिडून लिहितोय असं वाटेल, तर वाटू दे, ते खरंच आहे. सरांची आठवण आली की मला आधी राग येतो. मग हसू येतं. मग पुन्हा राग येतो, आणि तो जास्त वेळ टिकतो.

सोलापूरच्या ज्या कॉलेजात मी मराठी शिकवत होतो, तिथं सर पदार्थविज्ञान शिकवायचे. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम तांब्याच्या तारेचं एक लहानसं रीळ. घरची भाषा तेलुगू, शिक्षण मराठीतलं, आणि रागावले की इंग्रजी. वडील शहराच्या पूर्व भागात स्वतःच्या हातमागावर पातळं विणायचे, आजोबांनीही तेच केलं. त्या घरातून कॉलेजात गेलेला हा पहिला माणूस. ‘गेला तो परत आलाच न्हाई’ असं वडील म्हणायचे, जरी मुलगा रोज संध्याकाळी त्यांच्याच शेजारी बसून भाकरी आणि शेंगाचटणी खात असे.

सरांची एक खोड होती. बोलता बोलता समोरच्याची बाही चिमटीत धरायची आणि कापड चोळून बघायचं. “साठ नंबरचं जाडं सूत आहे. बारीक ऐंशीचं म्हणून गळ्यात मारलं असणार तुमच्या.” हे ते प्राचार्यांनाही सांगत. एकदा स्नेहसंमेलनाच्या प्रमुख पाहुण्यांना, ऐन हार घालताना सांगितलं. पाहुणे भाषणभर आपल्या बाहीकडं बघत होते.

त्र्याहत्तर सालच्या हिवाळ्यात अमेरिकेचं एक यान गुरू ग्रहाजवळून गेलं. स्टाफरूममध्ये मी बातमी मोठ्यानं वाचली. सगळे वा वा म्हणाले आणि चहाकडं वळले. दासरी सर मात्र उसळले.

“वीज कशावर चालते त्या यानाची? लिहिलंय का बघा.”

मी बघितलं. कसल्याशा किरणोत्सारी पदार्थाच्या उष्णतेवर.

“म्हणजे शेगडी घेऊन गेलेत! तिथं ऊन आपल्या पंचविसाव्या हिश्शाएवढं, म्हणून घरनं शेगडी. आणि ज्याच्या दारात गेलेत तो स्वतःच एवढं मोठं जनित्र आहे, ते कुणाला दिसत नाही!”

“कोण जनित्र?”

“गुरूच की!”

संस्कृतचे प्राध्यापक म्हणाले, “आमच्या मुलीच्या पत्रिकेत सप्तमात आहे तो. तिच्या लग्नात रोषणाई होईल का तेवढं बघा.” सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी माझी बाही धरली, आणि तिथून पुढं मी त्यांचा कायमचा श्रोता झालो. मला विज्ञानातलं काही कळत नसल्यामुळं मी आक्षेप घेणार नाही, म्हणून त्यांनी मला निवडलं असावं.

कल्पना अशी होती. गुरूभोवती प्रचंड चुंबकीय क्षेत्र आहे. चुंबकाच्या क्षेत्रातून तार धावली की तिच्यात वीज तयार होते. सायकलचा डायनॅमोही त्याच तत्त्वावर चालतो. मग यानाला मैलोन्‌मैल लांबीची तार लोंबती सोडायची. यान गुरूभोवती फिरणार, तार त्याच्याबरोबर धावणार, की झाली वीज.

“मग त्या तारेचं दुसरं टोक परत यानाला आणून जोडायचं,” मी शाळेतलं काहीतरी आठवून म्हणालो.

“इथंच सगळे पडतात!” सरांनी टेबलावर थाप मारली. “परतीची तार लावली तर तीही बरोबरच धावणार की. तिच्यातही तेवढाच जोर, पण उलटा. एक बैल पुढं ओढतोय, दुसरा तेवढाच मागं. गाडी हलेल का? टोकं मोकळी पाहिजेत. गुरूभोवती विद्युत्कणांचा विरळ ढग आहे. एका टोकानं त्यातले कण घ्यायचे, दुसऱ्या टोकानं सोडून द्यायचे. परतीची वाट म्हणजे तो ढग.”

‘टोकं मोकळी पाहिजेत’ हे मी पुढं इतक्या वेळा ऐकलं, की भाषेच्या तासालाही माझ्या तोंडून एकदा निघून गेलं.

दुसरं त्यांचं वाक्य होतं, “फुकट काही नसतंय, कुणीतरी भरतंच.” पृथ्वीभोवती ही तार सोडली तर यान भरतं. विजेच्या बदल्यात त्याचा वेग खर्ची पडतो आणि ते हळूहळू खाली येतं. पण गुरूची तऱ्हा वेगळी. एवढा अवाढव्य असून दहा तासांत गिरकी घेतो आणि चुंबकीय क्षेत्र आपल्याबरोबर गरगर फिरवतो. यान जरा लांबून फिरत असेल तर ते क्षेत्रच मागून येऊन त्याच्या पुढं निघून जातं. तेव्हा तारेत वीज तर मिळतेच, वर यानाला पुढं रेटाही मिळतो.

“मग भरतं कोण?” मी विचारलं.

“गुरू भरतो. त्याच्या गिरकीतलं कणभर जातं, त्याला पत्तासुद्धा लागत नाही.” सरांचा आवाज खाली आला. “आपल्याकडं सगळं लहानाच्या जिवावर चाललंय हो. मोठ्यानं भरायचं असं एक ठिकाण तरी असू दे की.”

“पण हे कुणी पाहिलंय का?”

“निसर्गानं करून ठेवलंय. गुरूचा एक आतला चंद्र आहे. तो ठरावीक जागी आला की गुरूकडून रेडिओवर येणारा खरखराट वाढतो. माझं म्हणणं, तो चंद्रच ती तार आहे. त्याच्यातनं प्रवाह वाहत असणार. आज ना उद्या कुणीतरी जाऊन मोजेल.”

अशी गोष्ट गावात सांगू नये. सरांनी वर्गात सांगितली आणि वर्गातून ती पेठेत गेली. तेव्हा वीजकपातीनं यंत्रमाग निम्मा वेळ बंद असायचे. एका सकाळी शिवलिंगप्पा नावाचे कारखानदार पेढ्यांचा पुडा घेऊन स्टाफरूममध्ये हजर झाले.

“सर, तुमी तारंतनं वीज काडताय म्हनं. आमच्या गच्चीवर येक तार बांदून द्या की. लई उपकार हुतील.”

“ते गुरू ग्रहावरचं आहे हो, शिवलिंगप्पा.”

“असू द्या की. गुरुवारी बांदू.”

सरांनी डोळे मिटून घेतले. मग समजावलं, की नुसती तार बांधून वीज येत नाही, ती तार भयंकर वेगानं धावायला पाहिजे. “तुमचं घर पळतंय का?”

“घर कुटलं पळतंय सर? घर पळालं असतं तर त्यातच बसून मीबी पळालो असतो की हितनं!”

मी पेढा खाता खाता ठसकलो. सर मात्र फळ्यापाशी जाऊन शिवलिंगप्पांना सगळं आकृती काढून सांगत राहिले. ते गृहस्थ मान हलवत राहिले आणि जाताना दारात मला हळूच म्हणाले, “हाय त्यांच्याकडं युक्ती. पन सांगनार न्हाईत.” त्यानंतर पेठेत हेच पसरलं. सर भाजी घ्यायला निघाले तरी लोक म्हणायचे, काय सर, कुणाला दिली तार?

मला खरा राग आहे तो मात्र शिकलेल्यांचा. या विषयावर संशोधन करायचं, पीएच.डी.ला नाव नोंदवायचं, एवढं एकच सरांना हवं होतं. त्याला मार्गदर्शक लागतो. चाळिशी जवळ आलेला, सोलापूरच्या कॉलेजातला मास्तर, आणि विषय गुरूवरची वीज. कोण उभं करणार? प्राचार्य म्हणायचे, “दासरी, गुरूला कशाला वीज देताय? आधी आपल्या प्रयोगशाळेतला पंखा चालू करा.” पंखा सरांनीच तीनदा दुरुस्त केला होता. विषय बदला, असं सगळ्यांनी सांगितलं. मीही एकदा सुचवून पाहिलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

शेवटी एक वाट निघाली. प्रयोगशाळा तपासायला पुण्याहून समिती यायची होती, आणि तिच्यात पदार्थविज्ञानाचे एक मोठे प्राध्यापक होते. सरांनी पत्रांवर पत्रं धाडून त्यांच्यामागं भुणभुण लावली. त्यांनी कळवलं, “तत्त्व टेबलावर दाखवा. पटलं तर तुम्हाला मी घेतो.” त्या एका वाक्यावर सर सहा महिने जगले.

उपकरण त्यांनी स्वतः केलं. एक मोठा चुंबक, त्याच्या पोटातून रुळांवर सरकणारी लाकडी गाडी, गाडीवर आडवी ताणलेली केसासारखी बारीक तार. तारेची दोन्ही टोकं मोकळी लोंबत खाली दोन पन्हळींतल्या पाऱ्यात बुडलेली. गाडी म्हणजे यान, चुंबक म्हणजे गुरू आणि पारा म्हणजे तो विद्युत्कणांचा ढग. पन्हळींना जोडलेल्या वीजमापकातून वीज वाहिली की त्याच्या आरशावरून समोरच्या पट्टीवर पडलेला प्रकाशाचा ठिपका सरकायचा. मी स्वतः तो सरकताना पाहिला आहे. गाडी ढकलली की ठिपका टुणकन बाजूला, गाडी थांबली की परत जागेवर. सर तो पुन्हा पुन्हा सरकवत बसायचे आणि दर वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखे हसायचे.

समिती आली त्या दिवशी वडीलही आले. सर त्यांना ‘नायना’ म्हणायचे. पोरगा इतकी वर्षं काय करतो ते एकदा बघावं, म्हणून म्हातारा माग बंद ठेवून, परीटघडीचं धोतर नेसून आला होता. ऊन मरणाचं होतं. सरांनी त्यांना प्रयोगशाळेत स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, उपकरण पुन्हा एकदा तपासलं आणि पाहुण्यांना घ्यायला आम्ही दोघं फाटकावर गेलो.

पुढचं सांगायला मला आजही जड जातं. ठिपका दिसावा म्हणून खोलीत अंधार केला. पाहुणे खुर्चीत, प्राचार्य शेजारी, नायना मागच्या बाजूला. सरांनी विषय असा मांडला की मलासुद्धा नव्यानं कळला. मग गाडी ढकलली. ठिपका हलला नाही. पुन्हा ढकलली. नाही. तिसऱ्यांदा इतक्या जोरात ढकलली की गाडी रुळावरून उडाली. ठिपका होता तिथं होता.

पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांच्या रेल्वेची वेळ होत आली होती. माणूस वाईट नव्हता, हेही मी लिहून ठेवतो. “जोडणी तपासली होती?” त्यांनी विचारलं.

“होय सर. आत्ताच.”

“नंतर खोलीत दुसरं कुणी आलं होतं?”

“कुणीही नाही सर.”

सर खोटं बोलले नाहीत. नायना त्यांना ‘दुसरं कुणी’ वाटलेच नाहीत. मलाही वाटले नाहीत.

“मग दोष जोडणीत नाही, कल्पनेत आहे,” पाहुणे म्हणाले. सरांच्या खांद्यावर हात ठेवून ते गेले. प्राचार्य त्यांच्यामागं लगबगीनं गेले.

पडदे उघडल्यावर सरांनी ती गाडी उचलून घेतली. तारेवरून अंगठा फिरवत गेले आणि गाडीखाली एका जागी थांबले. मला वाकून बघावं लागलं, तरी दिसेना. दोन्ही मोकळी टोकं पाऱ्यातून वर काढून, पुसून, एकमेकांना बांधलेली होती. गाठ इतकी बारीक की नखालाच कळावी. कापडातून गेली तरी उठून दिसणार नाही अशी, विणकराची गाठ.

विणकराच्या घरात तुटलेला धागा बघून कुणी पुढं जात नाही. पाहुणा असला तरी हात आपोआप जातो, टोकाला टोक लागतं, बोलणं चालूच राहतं. नायनांनी साठ वर्षं दुसरं काय केलं होतं?

खिडकीतून ते दिसत होते. बाहेर लिंबाखाली उभे राहून गोटी सोडा पीत होते. आम्हाला बघून हात केला. सर बाहेर गेले, मी मागोमाग.

“झालं का तुजं?” नायनांनी विचारलं. “तार तुटून लोंबत व्हती बग. मी सांदली. लई बारीक हाय रं, पन बसली गाठ.”

“व्हय नायना,” सर म्हणाले. “बरं केलं.”

मी तोंड उघडणार होतो. सरांनी माझी बाही धरली, आणि या वेळी कापड बघायला नव्हे.

संध्याकाळी मी त्यांच्याशी भांडलो. खरं काय ते पाहुण्यांना कळवा म्हणालो. “काय कळवू?” ते ओरडले. “माझ्या बापानं घालवलं म्हणून कळवू? म्हणजे उद्या प्राचार्य स्टाफरूममध्ये सांगत सुटतील, आणि पेठेतनं ते फिरत फिरत घरी येईल. त्यांनी एकच दिवस माग बंद ठेवला होता हो माझ्यासाठी!” शेवटी जोडणीत दोष राहिला होता, पुन्हा दाखवायची संधी द्यावी, एवढंच त्यांनी लिहिलं. उत्तर आलं ते सभ्य होतं: जोडणी तपासली होती असं आपणच सांगितलं होतं. उपकरण कपाटावर गेलं. सर पुढंही शिकवत राहिले, चांगलं शिकवत राहिले, पण गुरूचं नाव निघालं की खडू खाली ठेवून हात झटकायचे.

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये दुसरं एक यान गुरूजवळून गेलं. काही दिवसांनी पेपरात आतल्या पानावर बातमी आली: गुरू आणि त्याचा एक आतला चंद्र यांच्यामध्ये प्रचंड वीजप्रवाह वाहत असल्याचं यानावरच्या यंत्रांना आढळलं. रविवार होता. मी पेपर घेऊन तसाच सायकलवर पूर्व भागात गेलो. गल्लीभर मागांचा खडखडाट होता. जूनपासून माझी नोकरी दुसऱ्या गावी ठरली होती, ते सांगायचंही त्या दिवशी राहून गेलं.

नायनांना आता नीट दिसत नव्हतं. माग सुटला होता. ओसरीवर बसून ते चरख्यावर कांड्या भरत होते. सर आतून आले, दारातच उभ्यानं बातमी वाचली. परत वाचली. मग खाली बसले आणि इतके हसायला लागले की डोळ्यांतून पाणी आलं.

“काय झालं रं?” नायनांनी विचारलं. मी बसलो होतो म्हणून ते मराठीत बोलत होते.

आणि सरांनी सांगायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत घरात कधी सांगितलं नव्हतं ते सगळं; गुरू किती मोठा, कसा फिरतो, तार कशी धावते, वीज कशी येते. भान सुटलं होतं त्यांचं. मला पुढचं दिसत होतं, आणि थांबवता येत नव्हतं.

“आणि नायना, खरी मेख काय, तर टोकं मोकळी पाहिजेत! दोन्ही! जोडली की संपलं!”

चरखा थांबला.

“मोकळी?” म्हातारा म्हणाला. “दोनीबी?”

सरांचा हात खिशातल्या रिळाकडं गेला.

“मग त्या दिशी तुज्या कालेजात… ती तार तुटली नव्हती व्हय? मी गाठ मारली की रं.” नायनांचा हात हवेत मुलाला शोधत होता. “माज्यामुळं ऱ्हायलं का तुजं?”

सरांनी पेपराची घडी घातली. ज्या पानावर सर बरोबर असल्याचं छापलं होतं ते पान आत गेलं. त्यांनी वडिलांचा हात धरला.

“नाही नायना. ती तार निराळी होती. त्या दिवशी माझं गणितच चुकलं होतं.”

“खरं?”

“विचारा की या मास्तरांना.”

दोघांची तोंडं माझ्याकडं वळली. मला ओरडावंसं वाटत होतं. गल्लीतल्या एकूणएक मागाचा खडखडाट बंद करून सांगावंसं वाटत होतं, की या माणसाचं गणित चुकलं नव्हतं, कधीच चुकलं नव्हतं. मी म्हणालो, “होय. गणित चुकलं होतं त्यांचं.”

म्हाताऱ्यानं मोठा श्वास सोडला. चेहरा सैल झाला, आणि मग त्याला बापासारखा राग आला.

“येवडा शिकलास, आनि मोट्या मानसांम्होरं गनित चुकतोस? आदी नीट बगून घ्यायचं न्हाई व्हय? येवड्या लांबनं आली व्हती मानसं!”

मी उठलो. चहा होत होता, पण माझ्यानं बसवेना. गल्लीच्या तोंडाशी सायकलवर बसताना मागं वळून बघितलं. सर वडिलांसमोर मांडी घालून बसले होते, दोन्ही हातांवर सुताची लड धरून. म्हातारा सूत गुंडाळता गुंडाळता त्यांना बोलतच होता, आणि सर मान खाली घालून ‘व्हय नायना, चुकलं’ म्हणत होते.